पत्रावरची तारीख

दरवर्षी 26 जुलैला, कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमाला मला बोलावतात. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. मग सूत्रसंचालन करणारी मुलगी माइक पुढं करते, "बाई, मुलगा लढाईवर होता तेव्हा भीती नाही वाटली?" उत्तर प्रश्नातच घालून ठेवलेलं असतं. बरीच वर्षं मीही तेच देत आले. आमचा सातारा जिल्हा, शेजारी अपशिंगे गाव. अपशिंगे मिलिटरीच म्हणतात त्याला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान गेले, त्यांचं स्मारक आहे तिथं. असल्या मुलखात भीतीला कुणी बसायला पाट देत नाही.

आता तुम्ही घरी येऊन, निवांत बसून विचारलंत म्हणून सांगते. वाटली. रोज वाटली.

आणि मी त्याला 'देशासाठी दिला' वगैरे काही नाही. दोन भावांत तीन एकर कोरडवाहू, वर माझा प्राथमिक शिक्षिकेचा पगार. पहाटे रस्त्यानं पळून पळून तो 1996 साली भरती झाला. नाशिक रोडला ट्रेनिंग, मग तोफखाना. पोराला नोकरी लागली म्हणून आम्ही पेढे वाटले होते.

1999 चा मे महिना. त्या साली ज्येष्ठ अधिक होता, धोंड्याचा महिना. घरात अनारशाचं पीठ आंबत होतं आणि सातच्या बातम्यांत द्रास, बटालिक, तोलोलिंग अशी नावं यायला लागली. शाळेतला नकाशा घरी आणून शोधलं. कारगिल सापडलं, तोलोलिंग कुठंच नाही. पोराच्या पत्त्यावर तर गावच नसायचं. नंबर, युनिट आणि खाली मार्फत 56 ए.पी.ओ., म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. वीस वर्षं मी पोरांना भूगोल शिकवला, आणि माझा मुलगा कुठं आहे ते मला नकाशावर दाखवता येत नव्हतं.

पत्र यायला बारा-पंधरा दिवस लागायचे. निळं अंतर्देशीय. 'मी मजेत आहे. इकडे थंडी आहे. बैलांना पत्री मारून घ्या. पेरणी झाली का?' बस. सगळे एवढं वाचून खूश. मी आधी वरची तारीख बघायची. 14 जूनचं पत्र 27 ला आलं, म्हणजे 14 जूनपर्यंत तो होता. पुढच्या तेरा दिवसांची हमी कोण देणार? कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी दोन्ही तारखांना पेन्सिलीनं गोल करायचे. ह्यांनी एकदा विचारलं, हे काय? म्हटलं, दुधाचा खाडा.

आमचा पोस्टमन मोठा शहाणा माणूस. आळीच्या तोंडापासूनच ओरडत यायचा, "बाई, पत्र हाय! पत्र!" म्हणजे तार नाही. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता जे माइकवर कधी बोलले नाही ते. त्या लढाईत शवपेट्या घरी यायला लागल्या. आधीच्या लढायांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच व्हायचे. 1965 मध्ये आमच्या मामेसासऱ्यांची नुसती ट्रंक आली होती. पण कारगिलच्या वेळी तिरंग्यातली पेटी गावात यायची, शाळेतली पोरं रस्त्याच्या दुतर्फा उभी करायची. जुलैच्या सुरुवातीला शिक्षक खोलीत कुणीतरी म्हणालं, शेजारच्या तालुक्यातला एक गेला. मी नाव नाही विचारलं, पहिल्यांदा युनिट विचारलं. पायदळातला होता. माझा हात आपसूक गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला, आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. कुणाचा तरी गेला होता आणि मी मनात म्हणत होते, आपला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्या माउलीनं माझा हात धरून विचारलं, "तुमचा बी तिकडंच हाय न्हवं? बरा हाय का?" मी हो म्हणाले. त्याच्या शेवटच्या पत्राला तेव्हा सतरा दिवस झाले होते. ते मी बोलले नाही. सगळ्या पंचवीस वर्षांत मला वीरमाता म्हणून हार घालताना तिचाच चेहरा समोर येतो. खरं तर तो शब्दही माझा नाही. माझा परत आला. झेलम एक्स्प्रेसनं पुण्यापर्यंत आणि तिथून एसटीनं, गणपतीच्या सुट्टीला, दाढी वाढलेला. आला आणि आधी बैलांकडं गेला.

गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात, शेजारची सून रात्री अकराला दारात उभी. नवरा जम्मूकडं, फोन बंद. टीव्ही चालूच. निवेदक ओरडत होते, कराची बंदर उडवलं म्हणून. ते खोटं होतं, नंतर कळलं. आमच्या वेळी बातमी सातला यायची आणि साडेसातला संपायची, हे एक बरं होतं. मी तिचा टीव्ही बंद केला. धीराचे दोन शब्द बोलायला हवे होते, सुचले नाहीत. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. नवऱ्याच्या नावाखाली लास्ट सीन, संध्याकाळी सहा बारा.

म्हटलं, "मग सहा बारापर्यंत ठीक आहे."

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. ती नुसती मान हलवून आत आली आणि माझ्या शेजारी गादी टाकून आडवी झाली.