झिरो माइलवरून निघालेल्या वाटा

माझा मावसभाऊ साताऱ्याहून आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताडोबा सोडून तुमच्या नागपुरात बघायला काय आहे रे?" यंदा त्याला सकाळी तर्री पोहे खाऊ घातले आणि थेट झिरो माइलच्या खांबापाशी नेलं. तिथल्या षटकोनी दगडावर गावांची नावं आणि मैल कोरलेत. सिवनी ७९ मैल. पुढे चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. मी नावांवर बोट ठेवलं, "दादा, हे बघ. सिवनीच्या वाटेवर पेंचचं जंगल, चांद्याच्या बाजूला ताडोबा."

शहरात दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे माणसं देशभरातून येतात. बाकीचं बरंचसं शहराबाहेर आहे, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. उत्तरेला आणि पूर्वेला दाटी, पश्चिमेला तुरळक. लहानपणापासून मला याचं कोडं होतं. त्याचं उत्तर पायाखालच्या खडकात सापडलं. दख्खनचा काळा पाषाण नागपूरपाशी संपतो. पश्चिमेला काटोल-नरखेडकडे त्याची काळी कसदार माती. तिथे कापूस झाला, संत्री झाली, रान कधीच शेताखाली गेलं. पूर्वेला त्याहून फार जुना खडक. तिथे लोकांनी पाणी अडवून तलाव बांधले, आणि भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणू लागले. उत्तरेला सातपुडा, डोंगरउतारावर नांगर चालला नाही म्हणून जंगल राहिलं आणि जंगलात वाघ राहिला.

आम्ही जबलपूर रस्त्याने निघालो. मनसरला हिडिंबा टेकडीवर वाकाटक राजांच्या काळातल्या विटांची बांधकामं उघडी पडली आहेत. अभ्यासक तिथे त्यांच्यातल्या दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर असावी म्हणतात. दादाने खाली वाकून एका विटेची लांबी वितीने मोजली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

रामटेकला गडावरच्या राममंदिराआधी मी त्याला केवल-नरसिंहाच्या मंदिरात नेलं. बहुतेक लोक रामाच्या ओढीने पुढे निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाभाऱ्यात भरदार अंगाचा नरसिंह ऐसपैस बसलाय, उजवा हात चक्रावर टेकलेला. हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही. काम आटोपून निवांत बसलेल्या घरच्या कर्त्या माणसासारखा वाटतो. मंडपाच्या भिंतीत वाकाटकांचा शिलालेख आहे. दादा म्हणाला, "एवढ्या शांत चेहऱ्याचा नरसिंह मी पहिल्यांदाच बघतोय." वर गडावरून खिंडसी तलावाचं पाणी दिसत होतं. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं आम्ही वैदर्भीय मानतो, आणि आषाढात इथे ढग टेकतात तेव्हा ते मानायला जड जात नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम उलट्या दिशेला, काटोल रोडने जुनापाणीला गेलो. पश्चिमेला तुरळक आहे म्हणालो खरा, पण जे आहे ते अडीच-तीन हजार वर्षांचं. माळावर महापाषाणकाळातली सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मृतांना पुरून भोवती मांडलेली मोठ्या दगडांची रिंगणं. पाटी शोधत दोनदा चुकलो. शेवटी एका गुराख्याने काठीने दिशा दाखवली. गवत बाजूला सारलं तर एका दगडावर ओळीने कोरलेले वाटीएवढे खळगे दिसले. रात्री पडलेल्या पावसाचं पाणी त्यात साचलं होतं. दादा गुडघ्यावर बसला, एका खळग्यात अंगठा घातला आणि पुढचा, त्याच्या पुढचा असे मोजत गेला.