कोरा रकाना

पॅथॉलॉजीत माझ्या टेबलावर परत तसाच फॉर्म. ‘मूत्राशयातील गाठ, दुर्बिणीतून काढलेले तुकडे.’ बाकी माहितीचा रकाना कोरा.

स्लाइडवर पेशींचे छोटे छोटे पुंजके, त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, पुंजके थेट स्नायूत उतरलेले. घाईत कुणीही स्नायूत शिरलेला नेहमीचा कॅन्सर म्हणेल आणि अख्खं मूत्राशय काढायची तयारी सुरू होईल. पण वरचं अस्तर शाबूत होतं. गाटा-३ या पेशी ओळखायच्या रंगचाचणीवर विसंबायची सोय नाही, ती नेहमीच्या कॅन्सरमध्येही पॉझिटिव्ह येते आणि मला शंका होती त्या गाठीतही. अस्तराच्या पेशींची खूण केराटिन निगेटिव्ह, संप्रेरक सोडणाऱ्या पेशींच्या खुणा सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन ठळक, पुंजक्यांच्या कडेच्या पेशींत आधार-पेशींची खूण एस-१००. पॅरागँग्लिओमा, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं सोडू शकणारी दुर्मीळ गाठ.

लघवी करताना किंवा झाल्या झाल्या डोकं ठणकतं का, धडधड होते का, दरदरून घाम येतो का? एवढं विचारलं असतं तर! मूत्राशय आकुंचन पावलं की गाठ दाबली जाते, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सुटतं, बीपी उसळतं. दुर्बिणीच्या धक्क्यानेही तेच होतं. टेबलावर बीपी किती चढलं असेल... जाऊ दे.

शंका आली तर आधी रक्तातले मेटानेफ्रिन, म्हणजे त्या संप्रेरकांचे अवशेष, मोजायचे, तेही रुग्णाला वीस-तीस मिनिटं आडवं ठेवून. नाहीतर चोवीस तासांची लघवी. मग एमआरआय. ऑपरेशनआधी ७ ते १४ दिवस अल्फा ब्लॉकर, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, सोबत भरपूर मीठ-पाणी. धडधड कमी करणारा बीटा ब्लॉकर लागलाच तर त्यानंतर. आधी दिला तर रक्तवाहिन्या आवळणारा अल्फाचा जोर मोकाट सुटतो. त्यानंतर गाठीपुरता मूत्राशयाचा भाग काढायचा.

आमच्यापर्यंत येतो तो फॉर्मेलिनमधला तुकडा. माणसाला काय होत होतं ते आम्ही कुणाला विचारायचं? हे रडगाणं नेहमीचंच. खरं तर मूत्राशयाच्या हजार गाठींत अशी एखादीही सापडत नाही. रोज लघवीतल्या रक्ताच्या तक्रारी ऐकणाऱ्याने प्रत्येकाला डोकेदुखीबद्दल विचारायचं म्हटलं तर ओपीडी रात्रीपर्यंत चालेल. तरी रकाना कोरा का? ‘बीपीचा त्रास आहे’ एवढं लिहायला किती शाई लागते?

रिपोर्टखाली दोन ओळी जास्तीच्या टाकल्या: गाठ शिल्लक असल्यास मेटानेफ्रिन तपासून अल्फा ब्लॉकर सुरू केल्याशिवाय पुन्हा दुर्बीण घालू नये. अशा गाठींशी निगडित एसडीएचबी जनुकाची तपासणी करावी, पाठपुरावा आयुष्यभर. रिपोर्टच्या तळाशी लिहिलेलं कोण वाचतं म्हणा. सकाळी फोनच लावते.