सहाशे एक्केचाळीसचा भागाकार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा स्नेहसंमेलने आणि सहली आधी आठवतील असे वाटले होते. आठवली ती एक दहा अंकी संख्या. दहावीत असताना गणेशचवथीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी गणिताच्या सरांनी फळ्यावर ४२९४९६७२९७ लिहिले, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७, आणि ही संख्या मूळ आहे की नाही एवढेच ठरवून यायला सांगितले. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ती येते. याच घडणीच्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या, ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही संख्या मूळ असल्याने पुढच्याही साऱ्या मूळच असाव्यात, असे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये मानले होते. सरांनी हे मुद्दाम सांगितले, आणि आम्ही गाफील राहिलो.

घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधण्याची गडबड चाललेली असताना मी पडवीत बसून रफ वहीत मूळ संख्यांनी ओळीने भाग देत होतो. ३, ५, १७ यांनी भागल्यावर दर वेळी बाकी २ च उरते हे ध्यानात आले, पण कारण उमगले नाही. (वरच्या पाच संख्यांचा गुणाकार आमच्या संख्येहून बरोबर २ ने कमी आहे, हे सरांनी पुढे दाखवले.) ६४१ ही ११६ वी मूळ संख्या, तिच्यापर्यंत मी पोहोचलो आणि तिथेच घसरलो. २६७२ मधून २५६४ वजा करताना १०८ ऐवजी ११८ लिहिले, शेवटी बाकी ३५९ आली, आणि मी पुढे निघून गेलो.

सुट्टीनंतर मी ‘मूळ आहे’ असे ठासून सांगितले. एरवी शुद्ध मराठीत शिकवणारे सर रागावले की कोकणीत बोलत. वही चाळून ते म्हणाले, “चूक खंय आसा ती तूंच सोद.” (चूक कुठे आहे ती तूच शोध.) मग त्यांनी ऑयलर या स्विस गणितज्ञाची युक्ती सांगितली. या संख्येला मूळ अवयव असलाच, तर त्याला ६४ ने भागून बाकी १ च उरली पाहिजे. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढेच तपासायचे. माझे ११६ भागाकार, त्याचे पाच! १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ × ६७००४१७ हे अवयव दाखवून फर्माचा समज खोडला.

पण मला अधिक भावली ती भागाकाराशिवायची सिद्धता. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. म्हणून ६४१ च्या हिशेबात, म्हणजे ६४१ च्या पटी सोडून देऊन उरेल तेवढेच पाहिले तर, ५ × (२ चा ७ वा घात) म्हणजे −१, त्याचा चौथा घात +१. त्यातल्या ५ च्या चौथ्या घाताच्या, म्हणजे ६२५ च्या, जागी −१६ ठेवले की २ चा ३२ वा घात −१ ठरतो, आणि त्यात १ मिळवल्यावर बाकी काहीच उरत नाही. सरांनी हे तीन ओळींत लिहिले.

या घडणीची पुढची संख्या वीस अंकी आहे, आणि तिला २७४१७७ ने भाग जातो. निवृत्त झाल्यावर तो भागाकार मी हाताने करून पाहिला. बाकी शून्य आली, पण तिसऱ्या खेपेस.