हातमाग मालिका, नोंद ११ : रोल २३ मधली सातवी फ्रेम

मागच्या नोंदीत चाचांच्या फोटोच्या ज्या प्रिंटबद्दल मी इतकं भरभरून लिहिलं होतं, ती परत आली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, वरून सुतळी बांधून. चाचा सोलापूरचे, हातमागावर चादरी विणणारे. त्यांचा नातू दारात उभा राहून म्हणाला, "दादा बोले, कागद अच्छा है, पन घर में नै रख सकते."

जुन्या नोंदी वाचणाऱ्यांना ती फ्रेम आठवत असेल. पाय मागाच्या खड्ड्यात, हात हात्यावर (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या चौकटीवर), आणि पत्र्यात बसवलेल्या फायबरच्या तुकड्यातून आलेला उजेड थेट दाढीवर. यशिका मॅट कॅमेरा, एचपी५ ही कृष्णधवल फिल्म, लेन्सचं छिद्र एफ ४, शटर १/१५ सेकंद. दोन वर्षांत २३ रोल झाले, त्यांत अशी एकच. दहा बाय बारा इंचाच्या फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या) फोटोच्या कागदावर ती उतरवायला तीन रात्री गेल्या होत्या.   

परवानगी मी घेतली होती, पण चाचांच्या मुलाकडून. चाचा मागावर होते, त्यांनी मान वर केली नाही, आणि तो मी होकार धरला. चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजापूर वेशीच्या आतल्या त्या गल्लीत गेले. चाचा रागावलेले नव्हते. चहा आला. मी म्हटलं, "चाचा, हजला गेलात तेव्हा पासपोर्टसाठी फोटो काढलाच होता की." ते म्हणाले, "वो मजबूरी थी बेटी. ये शौक है."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

मग मी यशिकाचं हुड (वरून बघायच्या काचेवरचं झाकण) उघडून कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, निदान मी काय बघते ते तरी बघा. ते वाकले. काचेवर अंगण होतं, नातू सायकल पुसत होता. नातू डावीकडे सरकला की काचेवर उजवीकडे जायचा. चाचांनी तीनदा मान वर करून खरं अंगण पाहिलं आणि तीनदा परत काचेत पाहिलं. मग हसले. "आईना है ये तो. देखने कू कुछ हरकत नै. पन रोकनेका नै." बघायला हरकत नाही, पण धरून ठेवायचं नाही.

मंडळी, सजीवाचं चित्र करणं इस्लाममध्ये अनेक जण निषिद्ध मानतात, आणि चाचांचा आक्षेप असा थेट आपल्या फिल्मवाल्यांच्या डार्करूममध्ये येऊन उभा राहतो. घरी आल्यावर आठवडाभर वाचत बसले. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखित अल्-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटोग्राफीच्या बाजूने निर्वाळा दिला. त्यांचं म्हणणं असं की चित्रकार किंवा मूर्तिकार आकृती घडवतो, निर्मात्याच्या कामाची नक्कल करतो. फोटोत नवं काही घडत नाही, पडलेली सावली अडवून ठेवली जाते, एवढंच. आपल्याकडच्या देवबंद मदरशाच्या परंपरेतल्या अनेकांना हे पटलं नाही. साधन बदललं तरी तसवीर (सजीवाचं निषिद्ध चित्र) ती तसवीरच, असं ते म्हणत आले. ओळखपत्र, पासपोर्ट अशा गरजेपुरती सूट. पुढे डिजिटल आलं तेव्हा पाकिस्तानचे तकी उस्मानी यांच्यासारख्या विद्वानांनी आणखी एक फरक केला : पडद्यावर दिसणारं चित्र कुठे टिकून राहत नाही, ते आरशातल्या प्रतिबिंबाजवळचं, कागदावर छापलं की मात्र ती तसवीर. चाचा नातवाच्या फोनवर हैदराबादच्या मुलीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात आणि माझी प्रिंट परत पाठवतात, ती याच विचाराने.

आता आपल्या बाजूने बघा. १८०२ मध्ये इंग्लंडच्या वेजवूड आणि डेव्हीने चांदीच्या क्षारांवर आकृत्या उमटवल्या होत्या, पण त्या उजेडात काळ्या पडायच्या, मेणबत्तीच्या प्रकाशात बघाव्या लागायच्या. हायपो हे रसायन चांदीचे क्षार विरघळवतं हे इंग्रज शास्त्रज्ञ हर्शेलने १८१९ मध्येच दाखवलं होतं. १८३९ मध्ये ते फोटोला लावलं आणि सावली कायमची झाली. आपण ज्याला फिक्स करणं म्हणतो, ज्यासाठी मी फायबर प्रिंट तासभर पाण्यात धुते, नेमकी तीच पायरी चाचांना नको आहे. मोबाइलवाल्याला ते हसून सोडतील, मला नाही. माझा छंद टिकवण्याचाच आहे.

निगेटिव्हचा निर्णय मी चाचांकडून आले त्याच रात्री घेतला. कुणी मागितली नव्हती. तीन-तीन फ्रेमच्या पट्टीतून सातवी कापली, कॉन्टॅक्ट शीटवरचा (सगळ्या निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेल्या पानावरचा) तो चौकोनही कापला, दोन्ही पाकिटात घालून चाचांना दिले. त्यांनी निगेटिव्ह उजेडाकडे धरून विचारलं, "इसमें क्या है?" म्हटलं, चांदी. थोडा वेळ ते गप्प राहिले. "जलाऊंगा नै. मिट्टी में डालूंगा." कॉन्टॅक्ट शीटवर आता सातव्या जागी भोक आहे. मालिकेच्या डब्यात ती शीट तशीच ठेवणार आहे.

काही जण आता विचारतील की स्कॅन होता ना? होता. तोही काढून टाकला, बॅकअपमधूनही. निगेटिव्ह परत द्यायची आणि स्कॅन जपून ठेवायचा, हे मला जमलं नसतं.

इथे एक स्पष्ट मत. आक्षेप आला की आपल्यातले बरेच जण लांब लेन्स लावतात किंवा कॅमेरा पोटाशी धरून नजर दुसरीकडे ठेवतात. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन फोटोग्राफर पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स लावून लोकांना चकवलं होतं. त्याचे फोटो थोर आहेत. तरी ज्याने धर्माचं कारण देऊन तोंडावर नाही म्हटलं, त्याच्यावर मी ही युक्ती वापरणार नाही. सरकारचं वेगळं. कॅनडात अल्बर्टातल्या विल्सन कॉलनीच्या हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बायबलच्या दहा आज्ञांतल्या दुसरीचा (प्रतिमा करू नको) आधार घेऊन गाडीच्या परवान्यावरचा फोटो नाकारला, आणि २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा निकालाने प्रांताची सक्ती कायम ठेवली. आपल्याकडे मतदार यादीत गोषातल्या स्त्रियांचे फोटो नकोत ही याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली. या सगळ्या चाचांच्या भाषेत मजबूरीच्या गोष्टी. शौकासाठी सक्ती करायचा हक्क मला कुठल्याच न्यायालयाने दिलेला नाही.

आणि हे फक्त एका धर्माचं आहे असं समजू नका. पुरीच्या जगन्नाथाच्या देवळात कॅमेरा आत नेता येत नाही. पंढरपुरात घरोघरी विठोबाची तसबीर आहे, पण गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही. तिथे चित्राला विरोध नाही, दर्शनाच्या क्षणी मध्ये यंत्र नको, एवढंच. आमची आजी तर फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. तिचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात तिने डोळे मिटलेत. कारणं सगळी निरनिराळी आहेत. समोरच्याचं कारण नक्की कोणतं हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही, हे मला या महिन्यात समजलं.

तर उपाय. चाचांनीच वाट दिली. म्हणाले, बेजान चीज़ का निकाल. माग काढ, झाड काढ, काही हरकत नाही. जुन्या कथनांतही हे येतं : चित्रांवर पोट भरणाऱ्या एकाला पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी सांगितलं होतं की काढायचंच असेल तर झाडं आणि निर्जीव वस्तू काढ.

रोल २४ मध्ये मी फक्त हात काढले. धोटा (आडवा धागा नेणारा), फणी (उभे धागे वेगळे ठेवणारी), बोटं. बाराही फ्रेम वाईट. फोकस बरोबर, उजेड बरोबर, पण डोकं फ्रेमबाहेर टाकलं की माणूस कापल्यासारखा दिसतो. चाळीस वर्षं माग चालवलेल्या माणसाचे हात मला असे सुटे नको होते.

मग लांब एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर बराच वेळ उजेड पडू देणं, आठवलं. फ्रान्सच्या दागेरने १८३८ मध्ये काढलेला पॅरिसच्या रस्त्याचा फोटो सगळ्यांना माहीत आहे : रस्ता वाहता होता, पण प्लेटवर सगळी वर्दळ नाहीशी झाली. मी हिशेब मांडला. एफ ४ ला १/१५ सेकंद, म्हणजे छिद्र एफ ३२ एवढं बारीक केलं की सुमारे ४.३ सेकंद. तीन स्टॉपचा एनडी (उजेड आठपट कमी करणारा फिल्टर) लावला की ३४. इतक्या वेळात फिल्म मंदावते, त्यासाठी इलफर्ड कंपनीने एचपी५ ला दिलेला घातांक १.३१ धरला की १०१ सेकंद. यशिकाच्या लेन्सवर बसणारा एनडी मिळणं कठीण, आणि मिळाला तरी भलता महाग. मी ५२ मिमीचा साधा एनडी पुठ्ठ्याच्या कड्यात बसवला, आतून काळी वेलव्हेट पट्टी. छान चालतो. महागड्या फिल्टरवर पैसे घालवू नका.

या वेळी चाचांना आधी विचारलं. म्हणाले, "दिखाके कर."

पहिला प्रयत्न फसला, तोही दोन कारणांनी. एक, हात्या आदळला की शहाबादी फरशी हलते आणि तिच्याबरोबर ट्रायपॉड. पायांखाली टर्किश टॉवेलच्या घड्या ठेवल्या, तर तो आणखीच डोलायला लागला. टायरच्या रबराचे तुकडे बरे ठरले, पण शेजारचा यंत्रमाग सुरू झाला की तेही निरुपयोगी. दुसरं कारण मोठं. दागेरच्या फोटोत बूट पॉलिश करून घेणारा माणूस उमटला, कारण तो एका जागी उभा होता. चाचा एका जागी बसलेले असतात. १०१ सेकंदांत हात विरघळले, धोटा गेला, आणि चेहरा तेवढा धुरकट पण स्पष्ट ओळखू येईल असा राहिला. जे नको होतं तेच नेमकं उरलं. ती निगेटिव्ह मी त्यांच्यासमोर कापली.

आठ दिवस यातच अडकले होते. वेगळा कोन, पाठीमागून, वयांच्या (मागावरचे उभे धागे उचलणाऱ्या चौकटींच्या) आडून, सगळं करून पाहिलं. शेवटी उत्तर काळ्या पुठ्ठ्यात निघालं. शटर बी वर उघडं ठेवायचं आणि लेन्ससमोर पुठ्ठा धरून एक्स्पोजर तुकड्यांत द्यायचं. चाचा सारखे बसून नसतात. ताण्यातला (उभा) धागा तुटला की उठून गाठ मारतात, कापड गुंडाळतात, धोट्यातली धाग्याची कांडी बदलतात, पाणी प्यायला जातात. जागा बदलली की पुठ्ठा काढायचा, सुमारे २५ सेकंद मोजायचे, परत झाकायचं. अशा चार वेळा. माग चारही वेळा तिथेच, म्हणून तो घट्ट उमटतो. माणूस प्रत्येक जागी पाव हिस्सा, आरपार. आणि बहुतेक वेळ माग थांबलेला असल्यामुळे हादऱ्यांचाही प्रश्न मिटला. एक वेळ मात्र मुद्दाम माग चालू असताना दिली, शेजारची जेवणाची सुट्टी बघून. हात्याच्या जागी पांढुरका पडदा आलाय. तुकड्यांतल्या एक्स्पोजरची बेरीज अखंड एक्स्पोजरइतकी तंतोतंत होत नाही, म्हणून २०, २५ आणि ३० सेकंदांचे तीन सेट घेतले. २५ चा बरोबर आला.

रोल २६, फ्रेम ४. टाकीतून रोल काढला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. फिल्मवरून पाणी निथळत होतं आणि मी तशीच मोरीत उभी राहून बघत होते.

कॉन्टॅक्ट प्रिंट चाचांना नेऊन दाखवली. चष्मा लावून त्यांनी आधी स्वतःला शोधलं. सापडले नाहीत, मागाभोवती चार ठिकाणी धूर होता. मग त्यांची नजर फणीवर गेली आणि तिथेच थांबली. नखाने एक जागा दाखवून म्हणाले, "ये तार छूटेला है." मी लूप (भिंग) लावून पाहिलं. खरंच, ताण्यात एका धाग्याची रेघ नव्हती. त्यांना तो दिवस आठवला, कुठल्या चादरीचा ताणा होता तेही आठवलं. प्रिंट परत देताना एवढंच म्हणाले, "ये रख."

चाचींचं मात्र वेगळं. त्या कांड्या भरतात, आणि त्यांना स्वतःचा फोटो हवा होता, मुलीला पाठवायला. फोनवर काढला, पाठवला, त्यांच्यासमोर पुसला. १८९२ मध्ये फोटोग्राफर राजा दीनदयाळांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे बाई फोटोग्राफर नेमली. मी बाई असल्यामुळे त्या घरात आतपर्यंत जाऊ शकते. पण चाचींचा होकार चाचांच्या नकारावर वापरायचा नाही, हे मी ठरवलंय.

पुढचा बेत खरं तर या पद्धतीने आणखी चार माग करायचा होता, पूर्व भागातल्या ओळखीच्यांचे. हे लिहिता लिहिता तो बदललाय. चाचा यशिकाच्या काचेत ज्या आनंदाने बघत होते तो डोक्यातून जात नाही. एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैथम या अरब शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचा अभ्यास केला. तिथे फिल्म नव्हती, हायपो नव्हता. मग मागाची खोलीच कॅमेरा का करू नये? अंगणाकडची खिडकी काळ्या कापडाने बंद करायची, मध्ये चष्म्याची न कापलेली +०.५० ची काच बसवायची. तिचं नाभीय अंतर २ मीटर. खिडकीपासून साधारण २ मीटरवर मागाच्या पुढे एक पांढरी चादर टांगायची, चाचांनीच विणलेली. अंगण, सायकल, नातू, सगळं तिच्यावर उलटं उतरेल, हलेल, आणि खिडकी उघडली की जाईल.

काच आज अशोक चौकातल्या चष्म्याच्या दुकानात सांगून आले. दुकानदाराने तीनदा विचारलं, फ्रेम कोणती. चादरीचं चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, साधी पांढरी विणायला चार दिवस लागतील, किनार कशी पाहिजे. मी किनार नको म्हटलं. ते म्हणाले, किनार पाहिजेच.