नळ मीच बिघडवला होता

बेसिनचा नळ ठिबकायला लागला तेव्हा पहिला आळ लेकीवर घेतला. "नळ नीट बंद करत जा गं," हे महिनाभर रोज म्हटलं असेन. रात्री झोपायच्या आधी स्वतः जाऊन तो करकचून आवळायचे. ठिबकणं थांबायचं, सकाळी पुन्हा सुरू. मग मी आणखी जोर लावायचे. शेवटी शेवटी तर लेकीला तो उघडताच येईना, तोंड धुवायला मला हाक मारायची.

एकदा नळाखाली मापाचं भांडं ठेवलं. तासाभरात ४०० मिली. म्हणजे दिवसाला साडेनऊ लिटरच्या वर, वर्षाला साधारण साडेतीन हजार लिटर. नुसता थेंब बघून हे खरं वाटत नाही. पाना शोधायला उठले.

गळतंय कुठून, ते आधी बघायचं. नळ उघडल्यावर मुठीच्या बुडातून पाणी झिरपत असेल तर आतलं पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबरी कडं) गेलेली असते. बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर वॉशर, म्हणजे आतली रबरी चकती, किंवा वॉशर जिच्यावर टेकतो ती पितळी कड. आमचं दुखणं हे दुसरं. मूठ दोन-तीन वेढे फिरवावी लागते असा जुना नळ आहे. पाव वेढ्यात उघडणाऱ्या नळात रबरी वॉशरऐवजी सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर सरकतात, आणि बिघडलं की बहुतेकदा आतलं अख्खं कार्ट्रिजच बदलतात. तसला नळ मी उघडलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या जुन्या नळाबद्दल.

बेसिनखालचा कॉक बंद केला आणि वरचा नळ उघडून पाइपात अडकलेलं पाणी जाऊ दिलं. बेसिनच्या भोकावर फडकं दाबून ठेवायचं असतं हे मला मुठीचा स्क्रू टुणकन उडून जाळीच्या कडेला अडकला तेव्हा सुचलं. अजून एक उडी आणि गेलाच होता.

स्क्रू निघाला तरी मूठ निघेना. क्षारांनी पार धरून ठेवली होती. ओढाताण करण्याचा मोह आवरला, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड भोवती गुंडाळलं आणि अर्धा तास दुसरी कामं केली. मग डावी-उजवी हलवत हलवत आली वर. खालच्या सहा कोनी नटला पाना लावताना मध्ये कापड धरलं, नाहीतर चकचकीत मुलाम्यावर दातांचे ओरखडे उठतात. दुसऱ्या हाताने नळ घट्ट पकडायचा. मी पकडला नव्हता, त्यामुळे पहिल्या हिसड्याला नट जागच्या जागी आणि अख्खा नळ भिंतीकडे तोंड करून उभा!

नट सुटला आणि स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, बाहेर आला. त्याच्या टोकाला काळी रबरी चकती. तिच्यावर गोल खाच पडली होती, बांगडीचा वळ उठावा तशी, आणि एका बाजूला ती खाच आरपार चिरली होती. रबर नखाने दाबून पाहिलं तर दगड.

ती चकती तळहातावर घेऊन जरा वेळ उभीच राहिले. रबर मऊ असतं म्हणून तर काम करतं. पितळी कडेवर थोडंसं दबतं आणि फट बुजते. गरजेपेक्षा जास्त दाबलं की ते चेपून राहतं, खाच पडते, पाण्याला वाट मिळते. वाट बुजवायला माणूस अजून आवळतो आणि खाच अजून खोल जाते. रोज रात्री मी माझ्या हाताने तो वॉशर कापत होते आणि ओरडत होते लेकीवर.

नवा वॉशर आणायला जाताना जुना बरोबर न्या. "अर्ध्या इंचाच्या नळाचा" एवढ्या वर्णनावर भागत नाही, जाडी आणि मधलं भोक दोन्ही जुळावं लागतं.

बसवला, कॉक उघडला, थेंब नाही. स्वतःवर भलतीच खूश. संध्याकाळी टप्.

पुन्हा सगळं उघडलं. या वेळी टॉर्च लावून नळाच्या पोटात पाहिलं, करंगळी आत घालून पितळी कडेवरून फिरवली. एका जागी क्षाराचा कण बोटाला लागला, बाजरीच्या दाण्याहून लहान. नव्या वॉशरवर त्याचा ठसासुद्धा उमटला होता. ओल्या कापडाने कड घासून गुळगुळीत केली. कडच झिजून खड्डे पडले असते तर ती तासून सपाट करायचं वेगळं हत्यार लागलं असतं, तेवढ्यावरून सुटले. बसवताना स्पिंडल उघडा, म्हणजे वर चढवलेला ठेवला. पहिल्या वेळी तो बंद होता, त्यामुळे नट पूर्ण बसायच्या आधीच बिचारा नवा वॉशर कडेवर रगडला गेला होता.

टेफ्लॉन टेपचा मात्र इथे काही उपयोग नाही. घरातल्या एका सदस्याने ती मोठ्या विश्वासाने आणून दिली होती. ती पाइपाच्या आट्यांवर गुंडाळायची वस्तू, नळाच्या तोंडातला थेंब तिने थांबत नाही. खणात ठेवून दिली.

नळ आता दोन बोटांनी बंद होतो. रात्री माझा हात सवयीने जोर लावायला जातोच. मग दारातून आवाज येतो, "आई, परत उघडायचाय का तो?"