‘सैल सोडा’ न म्हणणारी सिस्टर

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त होऊन मी साताऱ्यात आले. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर परत डाग दिसायला लागले. अशा वेळी कॅन्सर नाही ना, हे लगेच तपासायचं असतं. हे मी कितीतरी बायकांना बजावलंय. स्वतः मात्र सात महिने टाळलं.

कारण 1994. नवी लेफ्टनंट, नाइट ड्यूटी आणि एक सीनियर. पुढचं लिहीत नाही. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर तक्रार कुठं करायची हे ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकालसुद्धा 1997 चा. तेव्हा तक्रार करायची ती त्याच्याच मित्राकडे.

पहिल्या दवाखान्यात सिस्टरनं गुडघे धरून बाजूला केले. “मॅडम, तुम्ही तर आपल्यातल्याच, सैल सोडा की!” माझी लाथ ट्रेला बसली. पोवई नाक्यावर रिक्षातून उतरले तेव्हा कळलं, चपला तिथंच राहिल्यात. हेच ‘सैल सोडा’ मी नोकरीभर म्हणत आले होते.

दुसरीकडे कोरेगावची एक तरुण सिस्टर भेटली. तिनं आधी खुर्चीवर बसवलं.

“मॅडम, मनाविरुद्ध कधी कुणी हात लावलाय का? तपासताना सांभाळून घेता येतं म्हणून विचारते. नाही सांगितलं तरी चालेल.”

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत, नोकरीत असताना लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला का, हे सगळ्यांनाच विचारतात, पुरुषांनाही. तीनातली एक बाई ‘हो’ म्हणते. त्यावरचे उपचार फुकट, आणि तेव्हा तक्रार केली होती का, याचा कागद कुणी मागत नाही. मला हे विचारणारी पहिली माणूस ही पंचविशीतली पोर.

मी नुसती मान हलवली. तिनं खोदून विचारलं नाही. दार दिसेल असं टेबल फिरवलं, डोक्याकडची बाजू उंच केली. हात वर केला की थांबायचं, असं ठरलं. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनीत घालतात ते साधन, मीच आत सरकवला. असं करता येतं हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं! बायोप्सीची नळी आत गेल्यावर कळ आली, दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा डॉक्टरीणबाई खरंच थांबल्या.

केसपेपरवर काय लिहू, हेही तिनं विचारलं. फाइल दहा हातांतून जाते. ‘प्रत्येक वेळी विचारून तपासावे’, एवढंच लिहिलं.

रिपोर्ट साधा आला. पॉलिप, म्हणजे आत वाढलेला छोटा कोंब होता, नंतर भूल देऊन काढला. घरी ह्यांना एवढंच माहीत आहे.