पासबुकात दिसतं ते सगळं आपलं नसतं : मुलांच्या दशावतार पथकाचा हिशेब (माझा अनुभव)

सिंधुदुर्गातल्या मुलांच्या दशावतार पथकाचे हिशेब हाती घेतले, तेव्हा मेअखेरची शिल्लक होती २,१०,००० रुपये. आधी ती फोडून पाहिली. त्यातले ८०,००० खास वेशभूषेसाठी मिळालेले, म्हणजे भाड्याला वापरता येत नाहीत. ४५,००० कार्तिकातल्या जत्रांची आगाऊ बिदागी. प्रयोग होईपर्यंत ते देणंच. हातात उरले ८५,०००.

तालमीची जागा, शिकवणाऱ्यांचं मानधन, वीज असा न टळणारा खर्च महिना १८,०००. जत्रा कार्तिकाशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांचे ९०,००० लागणार. वर पावसाची करणी वेगळीच: पखवाजाच्या पुड्या सैल पडतात, पेटीचा भाता दमट होतो, वेशभूषेवरची जरी काळवंडते. त्या दुरुस्तीला ३०,००० धरले. तूट ३५,०००. ती जुलैत वेशभूषेच्या पैशातून भागवायची आणि ऑक्टोबरात देणगीदाराने खर्चाची बिलं मागितली की धावाधाव, ही नेहमीची चूक.

म्हणून राखीव देणग्यांचं खातं वेगळं काढलं आणि हंगामात प्रत्येक बिदागीतले १५ टक्के पावसाळ्यासाठी बाजूला टाकायचा ठराव केला. आगाऊ रक्कम जमेत नाही, देण्यात दाखवायची. पेट्रोलपंपाच्या गुळगुळीत पावत्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढायची. दमट हवेत त्यांवरची अक्षरं उडतात आणि ऑडिटरसमोर कोरा कागद उरतो.

देणगी मुख्यतः गणपतीत, चाकरमान्यांकडून. देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी ८०जी नोंदणी असली तरी रोख २,००० च्या वरच्या देणगीवर ती सूट नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर ती मिळतच नाही. तेव्हा करसवलतीचं आमिष सरसकट दाखवू नये. पॅन मात्र पावती फाडतानाच लिहून घ्यायचा. माणूस मुंबईच्या गाडीत बसला की तो नंबर मिळवणं कठीण. २०२४-२५ च्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे द्यायचं होतं. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये.

धर्मादाय कार्यालयाचं काम त्या मानाने सरळ: ताळेबंद अनुसूची ८ मध्ये, जमाखर्च ९ मध्ये. अडतं ते विश्वस्त बदलल्यावर. बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. आमच्याकडे तो राहिला होता आणि बँकेने सहीदार बदलायला त्याच अर्जावरच्या मंजुरी आदेशाची प्रत मागितली. जुने सहीदार पुण्यात, चेकबुक इथे.